विश्लेषण : निफाडचे न्यायमूर्ती रानडे आणि १८७६ चा दुष्काळ, पाऊस पडला नाही म्हणून माणसे मेली का?

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची ओळख समाजसुधारक, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचे गुरू अशी करून दिली जाते. मात्र नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या या माणसाच्या विचाराला वळण देणारी एक मोठी घटना होती ती १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाची. त्याच सुमारास उत्तर चीनमध्येही पाऊस हुकला होता आणि तेथे भारतापेक्षाही अधिक बळी गेले. पाऊस न पडणे आणि माणसे उपाशी मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रानडे यांनी आकडे आणि गावोगावची माहिती यांच्या आधारे सरकारपुढे मांडले. त्याची किंमतही त्यांनी मोजली. दक्षिणेतील दुष्काळाच्या अंगाने त्यांच्या आयुष्याचा हा वेध.

निफाड ते पुणे हा प्रवास कसा झाला?

निफाडचे नाव आज द्राक्षांसाठी घेतले जाते. हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तापमानाची बातमी आली, की तेव्हाही हेच नाव पुढे येते. याच गावी १८ जानेवारी १८४२ रोजी रानडे यांचा जन्म झाला. वडील गोविंदराव सरकारी नोकरीत होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या सेवेत गेले आणि महादेवरावांचे बालपण कोल्हापुरात गेले. वयाच्या १४ व्या वर्षी ते शिक्षणासाठी मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांमध्ये रानडे होते. १८६२ मध्ये बी.ए., १८६४ मध्ये एम.ए. आणि १८६६ मध्ये एलएल.बी. अशा परीक्षा त्यांनी दिल्या. अतिवाचनाने त्यांची दृष्टी अधू झाली, ती कायमचीच. सरकारी भाषांतरकार, अक्कलकोटचे कारभारी, कोल्हापुरात न्यायाधीश, एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापक अशी कामे केल्यानंतर १८७१ मध्ये ते सबजज्ज म्हणून पुण्यात आले.

पुण्यात त्याआधी वर्षभर, २ एप्रिल १८७० रोजी, सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे तिचे प्राण होते. काकांची धडाडी आणि रानडे यांचा अभ्यास अशी जोडी जमली. रानडे सरकारी नोकर असल्याने सभेच्या अर्जांवर त्यांचे नाव नसे, पण अनेक अर्ज व अहवालांमागे त्यांचीच लेखणी होती.

दुष्काळाआधी शेतकऱ्याची स्थिती कशी होती?

१८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळले. नेमक्या याच सुमारास जमीनमहसुलाची ३० वर्षांची मुदत संपून फेरआकारणी सुरू झाली होती. १८६७ मध्ये इंदापूर तालुक्यापासून तिला प्रारंभ झाला आणि तेजीच्या काळातील भाव पाहून सारा वाढवला गेला. उत्पन्न घटले, सारा वाढला आणि मधला खड्डा सावकाराच्या कर्जाने भरला जाऊ लागला.

सभेने नेमलेल्या समितीने १८७३ मध्ये महसूल पद्धतीवर अहवाल काढून वाढीव आकारणीवर टीका केली होती. दोनच वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जखते जाळली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदल्या गेलेल्या या उठावानंतर जेमतेम वर्षभरातच पावसाने पाठ फिरवली. दुष्काळ आला तेव्हा शेतकऱ्याच्या घरात ना धान्याचा साठा होता, ना गाठीला पैसा.

पाऊस का हुकला?

१८७६ च्या पावसाळ्यात दख्खनच्या पठारावर खरिपाची पिके करपली. परतीच्या पावसानेही दगा दिल्याने रब्बीची आशा मावळली. सोलापूर, विजापूर, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांना मोठा फटका बसला. नाशिक जिल्ह्याचा पूर्व भागही पर्जन्यछायेतील, त्यामुळे टंचाईची झळ तेथेही पोहोचली. १८७७ चा पावसाळाही उशिरा आणि अपुरा झाला.

भारतीय हवामान खाते त्या वेळी नवे होते. त्याची स्थापना १८७५ मधली. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना १८७७ मध्ये हवेचा दाब नेहमीपेक्षा जास्त असल्याचे दिसले आणि इतर देशांतील नोंदी मागवल्यावर हा प्रकार फार मोठ्या भूभागावर पसरल्याचे लक्षात आले. या कोड्याचा उलगडा पुढे २० व्या शतकात झाला. प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा तापले, की वाऱ्यांचे चक्र बदलते आणि भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पाऊस कमी होण्याची शक्यता वाढते. यालाच आज एल निनो म्हणतात. १८७७-७८ चा एल निनो हा ज्ञात इतिहासातील अतितीव्र एल निनोंपैकी एक मानला जातो. भारत, उत्तर चीन आणि ब्राझीलचा ईशान्य भाग एकाच काळात होरपळला, तो यामुळे.

त्या वेळी चीनमध्ये काय घडत होते?

चीनला दुष्काळ आणि थंडी नवी नव्हती. १७ व्या शतकात जगाच्या अनेक भागांत हवामान गारठले होते. त्या काळात चीनमध्ये कडाक्याचे हिवाळे आणि लागोपाठचे दुष्काळ पडले. उपासमार, बंडे आणि रिकामा खजिना यांच्या ओझ्याखाली १६४४ मध्ये मिंग घराण्याची सत्ता कोसळली. महाराष्ट्रातही १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ त्याच शतकातला, ज्यात संत तुकारामांच्या घरावर आघात झाला.

मिंगनंतर आलेल्या चिंग राजवटीने सरकारी धान्यकोठारांच्या जुन्या पद्धतीला बळ दिले. सुगीनंतर भाव पडले की सरकारने धान्य विकत घ्यायचे, टंचाईत भाव चढले की ते स्वस्तात विकायचे किंवा वाटायचे, अशी ही व्यवस्था होती. १७४३-४४ मध्ये बीजिंगभोवतीच्या प्रांतात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा या कोठारांमुळे आणि बाहेरून आणलेल्या धान्यामुळे मोठी जीवितहानी टळली.

१८७६ पर्यंत मात्र चित्र पालटले होते. अफूची युद्धे आणि ताइपिंग बंड यांनी सरकारी तिजोरी खिळखिळी केली होती आणि बरीचशी कोठारे रिकामी होती. शान्शी प्रांत डोंगराळ, तेथे मोठा जलमार्ग नाही. बंदरावर उतरलेले धान्य अरुंद खिंडीतून उंट, खेचरे आणि गाड्यांवरून न्यावे लागे आणि वाटेत जनावरेच मरून पडत. १८७६ ते १८७९ या काळात उत्तर चीनमध्ये ९० लाख ते १ कोटी ३० लाख लोक मेले, असा अंदाज आहे. म्हणजे १८ व्या शतकात त्याच देशाने दुष्काळ पेलला होता आणि १९ व्या शतकात त्याला तो पेलला नाही. फरक पावसाइतकाच तयारीचा होता.

भारतात रेल्वे असूनही लोक का मेले?

दख्खनमध्ये शान्शीसारखी वाहतुकीची अडचण नव्हती. मुंबईहून रेल्वे नाशिक, मनमाड, पुणे, सोलापूर अशी धावत होती. देशात इतरत्र धान्य होते आणि दुष्काळाच्या काळातही गहू इंग्लंडला रवाना होत होता. पण ज्याच्या खिशात पैसा, त्याच्याकडे धान्य जाते. पीक बुडाल्याने शेतकऱ्याचे उत्पन्न गेले, शेतीकाम थांबल्याने मजुराची मजुरी गेली. विणकर आणि गावातील इतर कारागिरांचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. बाजारात ज्वारी दिसत असतानाही ती विकत घेण्याची ऐपत उरली नाही.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचे सरकार धान्याच्या व्यापारात हात घालायला तयार नव्हते. मदतीवरचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी पाठवण्यात आले. याच टेंपल यांनी १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून फार मोठा अनर्थ टाळला होता. त्याबद्दल कौतुक होण्याऐवजी उधळपट्टीचा ठपका त्यांच्यावर आला. या वेळी ते काटकसरीच्या टोकाला गेले. दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाकाठी एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्याची किंमत आणि वर आणा-अर्धा आणा पुरे, असे प्रमाण त्यांनी जानेवारी १८७७ मध्ये ठरवले. दिवसभर माती आणि खडी वाहणाऱ्या माणसाला हे पुरणार नाही, असा इशारा मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी दिला होता.

मुंबई इलाख्यात या दुष्काळात सुमारे ८ लाख अतिरिक्त मृत्यू झाले, तर देशभरातील बळींची संख्या ५० लाखांवर गेली. उपासमारीने खंगलेल्या माणसांना पटकी, देवी आणि हिवताप यांनी गाठले. दौंड ते मनमाड हा रेल्वेमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. येवला आणि अहमदनगरवरून जाणाऱ्या या मार्गाचे मातीकाम दुष्काळी मजुरांच्या हातचे आहे.

सार्वजनिक सभेने नेमके काय केले?

सभेने आपली माणसे तालुक्या-तालुक्यांत पाठवली. पाऊस किती झाला, कोणते पीक बुडाले, विहिरींना पाणी किती, जनावरे किती विकली वा मेली, धान्याचा भाव काय, किती कुटुंबे गाव सोडून गेली, सरकारी काम किती अंतरावर सुरू आहे, अशी माहिती गोळा होऊ लागली. ती पुण्यात एकत्र करून मुंबई सरकारला अहवालाच्या रूपाने पाठवली जाई. दुष्काळवृत्तांतांची ही मालिका १८७६ च्या अखेरीस सुरू झाली. तिची मांडणी रानडे यांची होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

या वृत्तांतांचे महत्त्व असे, की सरकारी अहवालाला पर्यायी असा लोकांकडून आलेला हिशेब पहिल्यांदाच पुढे ठेवला जात होता. त्यात दयेची याचना नव्हती. मजुरीचे प्रमाण आणि बाजारभाव शेजारी ठेवून त्या मजुरीत माणूस जगू शकत नाही, हे दाखवले जात होते.

मजुरी कपातीनंतर १८७७ च्या सुरुवातीला दख्खनमध्ये एक लाखाच्या आसपास मजुरांनी कामावर जाणे सोडले. एवढ्या मोठ्या संख्येने उपाशी लोकांनी केलेला हा असहकार होता. सभेने त्यांची बाजू उचलून धरली. याच दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले तसेच सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवत होते. दोन्ही प्रवाहांत मतभेद होते, पण भुकेचा प्रश्न दोघांनीही हातात घेतला होता.

१८७८ मध्ये सभेचे त्रैमासिक सुरू झाले आणि दुष्काळात सुरू झालेल्या या अभ्यासाला कायमचे व्यासपीठ मिळाले. त्यातील बरेचसे लेखन रानडे यांचेच, तेही नावाविना.

रानडे यांची नाशिकला बदली का झाली?

१८७८ मध्ये रानडे यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. पुण्यातील सार्वजनिक हालचालींमागे त्यांचे डोके आहे, अशी सरकारची धारणा झाली होती आणि बदलीमागे हेच कारण होते, असे मानले जाते. जन्म ज्या जिल्ह्यात झाला, तेथे ते अशा रीतीने परतले. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हेही त्या काळात नाशिकला न्यायखात्यात होते. रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांचे सार्वजनिक जीवनातील पहिले पाऊल नाशिकच्या शाळेतील एका समारंभात पडले. त्यांचे भाषण रानडे यांनी लिहून दिले होते.

दुष्काळाने आणखी एका माणसाला पेटवले होते. लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून असलेले वासुदेव बळवंत फडके यांनी गावोगावची उपासमार पाहिली आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोशी साथीदारांसह सशस्त्र उठाव केला. फडके यांच्यावर रानडे यांच्या स्वदेशीवरील व्याख्यानांचा प्रभाव होता. मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा येथे आगी लागल्या. उठावाला पुण्यातील सुशिक्षितांची फूस आहे, असा सरकारचा संशय बळावला.

त्याच महिन्यात, नाशिकमध्ये फार काळ झालेला नसताना, रानडे यांना धुळ्याला धाडण्यात आले. तेथे त्यांची टपाले फोडून पाहिली जात, असे रमाबाईंनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. रानडे यांनी राजीनामाही दिला नाही आणि लिहिणेही थांबवले नाही. काही काळाने संशय निवळला आणि १८८१ मध्ये ते मुंबईत प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट झाले.

रानडे यांचे निदान काय होते?

रानडे यांच्या मते दुष्काळ हे दारिद्र्याचे टोक होते. देशाचा सगळा भार एकाच धंद्यावर, म्हणजे शेतीवर, आणि शेतीचा सगळा भार पावसावर. इंग्लंडच्या गिरण्यांच्या मालाने येथील कारागिरी मोडली, तसे कारागीरही शेतीवर येऊन पडले. एक पावसाळा चुकला की शेतकरी, मजूर, विणकर आणि व्यापारी असे सगळेच एकदम बुडतात, कारण उत्पन्नाचा दुसरा झरा नाही.

म्हणून त्यांचे उपाय केवळ अन्नवाटपाचे नव्हते. सारा दीर्घ मुदतीसाठी निश्चित करावा, शेतकऱ्याला माफक व्याजाने कर्ज मिळावे, सिंचन वाढवावे, देशी उद्योगांना सरकारने मदत करावी, अशी त्यांची मागणी होती. १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरवण्यात त्यांचा पुढाकार होता. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सांगितले, की इंग्लंडच्या परिस्थितीतून आलेले अर्थशास्त्राचे नियम भारताला जसेच्या तसे लागू होत नाहीत. बाजारात हस्तक्षेप नको, या तत्त्वापायी काय घडते, हे त्यांनी १८७७ मध्ये जवळून पाहिले होते.

सरकारने किती ऐकले?

काही गोष्टी बदलल्या. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. त्यामुळे कर्जाचा दावा ऐकताना व्यवहाराच्या मुळाशी जाणे न्यायाधीशाला शक्य झाले आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची पद्धत बंद झाली. या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्याचे काम पुढे रानडे यांच्याकडेच आले. त्यासाठी त्यांनी जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरून कनिष्ठ न्यायालयांची तपासणी केली. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींतून दुष्काळसंहिता तयार झाली. टंचाईची लक्षणे कोणती, काम कधी सुरू करायचे, मजुरी किती द्यायची, याचे लेखी नियम प्रथमच आले.

काही गोष्टी अडल्या. पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना विल्यम वेडरबर्न यांनी मांडली. रानडे यांचा तिला पाठिंबा होता, पण लंडनमधून मंजुरी मिळाली नाही. सारा कायम ठरवण्याची मागणीही फेटाळली गेली.

रानडे यांच्या विचाराच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. शेतीत भांडवल येण्यासाठी सधन शेतकऱ्यांचा वर्ग उभा राहावा, असे त्यांना वाटे. ज्याच्याकडे जमीनच नाही आणि दुष्काळात जो सर्वांत आधी मरतो, त्याला या मांडणीत पुरेशी जागा नव्हती. इंग्रजी राज्याच्या चौकटीतच अर्ज आणि युक्तिवाद यांनी सुधारणा होतील, हा त्यांचा विश्वास पुढच्या पिढीला अपुरा वाटला. १८९५-९६ मध्ये सार्वजनिक सभा लोकमान्य टिळकांच्या गटाकडे गेली. रानडे आणि गोखले यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. त्याच वर्षी पुन्हा दुष्काळ पडला आणि टिळकांच्या नेतृत्वाखालील सभेने दुष्काळसंहितेतील हक्क शेतकऱ्यांना समजावून देण्याची मोहीम हाती घेतली. संघटना दुभंगली होती, पण गावोगाव माणसे पाठवण्याची १८७६ ची पद्धत कायम होती.

अखेरची वर्षे आणि आजचा संदर्भ काय?

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८९९ मध्ये पाऊस पुन्हा दगा देऊन गेला. संवत १९५६ चा म्हणून छप्पन्नचा दुष्काळ या नावाने तो आजही गुजरात-राजस्थानात आठवला जातो. खानदेश आणि दख्खनलाही त्याने सोडले नाही. त्याचे परिणाम ओसरले नव्हते, तोच १६ जानेवारी १९०१ रोजी, ५९ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस असताना, रानडे यांचे मुंबईत निधन झाले.

धान्य असूनही क्रयशक्ती नसल्याने उपासमार होते, हा सिद्धांत अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये शास्त्रीय रूपात मांडला. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात हाच धडा व्यवहारात वापरला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेखाली लाखो लोकांना काम मिळाले आणि मोठी उपासमार टळली. टेंपल यांच्या मजुरी कपातीनंतर बरोबर १०० वर्षांनी, १९७७ मध्ये, विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. मागेल त्याला काम हा त्याचा गाभा. सरकारच्या मर्जीवरची मदत त्यामुळे नागरिकाचा हक्क ठरली.

नाशिक जिल्ह्यात आज धरणे आहेत, कालवे आहेत, द्राक्ष आणि कांद्याचा पैसा आहे. तरीही सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड या तालुक्यांत उन्हाळ्यात टँकर फिरतात आणि निफाडमध्ये थंडीची लाट आली की द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात. हवामान बेभरवशाचे होत असताना पीक कोणाचे गेले, कर्ज कोणावर चढले, काम कोणाला मिळाले नाही, याची नोंद वेळेवर होते का, हा प्रश्न उरतोच. १८७६ मध्ये सार्वजनिक सभेची माणसे तालुक्यांत फिरत होती, ती याच नोंदीसाठी.